शेवटचं कडवं

कृष्णेच्या काठाला जेवढा म्हणून राग असेल, त्यातला निम्मा एकट्या आमच्या साडूंकडे होता आणि उरलेला निम्मा त्यांच्यामुळे दुसऱ्यांना आलेला होता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. ते सांगलीला आणि मी साताऱ्याला पाटबंधारे खात्यात. आम्ही जैन, त्यातून साडू पक्के धार्मिक. पाणी गाळून प्यायचे, कांदा-बटाटा खायचे नाहीत, सूर्य मावळायच्या आत जेवायचे, अंगावर डास बसला तर फुंकर मारून त्याला वाट करून द्यायचे. हात वर करून कुणाला मारणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं, म्हणून ती सगळी कसर ते तोंडानं भरून काढत. एष्टीचा कंडक्टर, नळाला न येणारं पाणी, रेडिओवर बातम्या सांगणारी बाई, उशिरा उगवलेला चंद्र, कुणीही त्यांना चालायचं. राग फार वाढला की मराठी पुरायचं नाही, मग ते कानडीत शिरायचे. कानडीही संपली की गप्प व्हायचे. ते ओरडत असेपर्यंत अक्का शांतपणे गहू निवडत बसायची. ते गप्प झाले की मात्र तिच्या हातातलं सूप खाली पडायचं.

नव्वद सालानंतर घरोघरी टेपरेकॉर्डर आले तेव्हा वडिलांची हळदीची अडत भावाच्या गळ्यात घालून साडूंनी कॅसेटची कंपनी काढली. कंपनी म्हणजे गोदामामागची एक खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना, दाराला, अगदी छतालासुद्धा हळदीची रिकामी पोती ठोकलेली. त्या खोलीत गायला गेलेला माणूस अर्ध्या तासानं बाहेर आला की हळद लावलेल्या नवरदेवासारखा दिसायचा. पंचक्रोशीतली भजनी मंडळं, गावोगावचे शाहीर, लग्नात गाणी म्हणणाऱ्या बायका, ज्यांच्याकडे मुंबईची कुठलीही कंपनी ढुंकून बघणार नाही, त्यांना साडू हुडकून आणत. दुपारी चारला सुरू झालेलं भजन सूर्य कलायला लागला की साडू थांबवत आणि जेवायला उठत. एकदा एका बुवांनी समाधीच लावली होती. साडूंनी मधल्या खिडकीची काच वाजवून सांगितलं, "बुवा, समाधी उद्या सकाळी नवापास्नं पुढं लावा. आता आमचं ताट वाढलंय."

त्यांच्या कंपनीचा एक नियम होता आणि तो कुणासाठी मोडायचा नाही. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गाणाऱ्याचं नाव आणि गाव आलंच पाहिजे. ही रीत काही त्यांनी शोधलेली नाही. आपल्याकडे आधी देवाचं नाव, मग गुरूचं, मग गाणं, आणि सगळं संपल्यावर शेवटच्या ओळीत हळूच आपलं, अशीच पद्धत आहे. साडूंनी तिचं कुलूप केलं होतं. "कागद फाटतोय, डबी फुटतीय," ते म्हणायचे, "पर नाव गाण्यातच शिवून टाकलं तर चोराला उसवायचं म्हटलं तरी उसवता येत न्हाई." आणि चोर होते. साडूंनी कॅसेट काढली की आठवड्यात तिची नक्कल बाजारात यायची, साडूंच्या कॅसेटपेक्षा स्वस्त आणि मुखपृष्ठावर कुठल्या तरी नटीचा फोटो. आपली आणि चोरीची ओळखण्याची साडूंची रीत अशी, की ते कॅसेट नाकाला लावत. आपल्या कॅसेटीला हळदीचा वास. कऱ्हाडच्या स्टँडवर, तासगावच्या बाजारात, पाटणच्या आठवडी बाजारात हा गृहस्थ गाड्यावरच्या कॅसेटी एकेक उचलून हुंगत असायचा. लोक थांबून बघत. मी शेजारी असलो तर मी दुसरीकडे बघायचो.

वास आला नाही की तमाशा सुरू. पण हात उगारायचा नाही, पोलिसात जायचं तर तिथल्या हवालदाराच्या टेबलावर त्याच नकलेतलं भजन लागलेलं. मग साडू रागारागानं गाड्यावरच्या सगळ्या नकला विकत घेत आणि घरी आणून त्यांच्या पट्ट्या उपसून काढत. द्राक्षाच्या बागेत पाखरं हाकायला आमच्याकडे कॅसेटची पट्टी ताणून बांधतात. वाऱ्यावर ती भुणभुणते आणि पाखरं बिचकतात. साडूंनी तासगावच्या आपल्या मेव्हण्याच्या अख्ख्या बागेला पट्ट्या बांधल्या. "चोरीचं गाणं निदान पाखरास्नी तरी भ्या घालू दे." असं दोन वर्षं चाललं. पुढं एकदा मी एकटाच कऱ्हाडला उतरलो, तर त्या गाडेवाल्यानं फळीखाली एक गठ्ठा वेगळा बांधून ठेवलेला दिसला. मी विचारलं तर तो कौतुकानं म्हणाला, "ते सांगलीच्या आण्णांचं हाय. लय मोठं गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी मुद्दाम जादा काढतो." मी हे साडूंना सांगितलं. पाच मिनिटं मराठी, दहा मिनिटं कानडी झालं. मग म्हणाले, "मग काय करू? लोकांच्या घरात जाऊ देऊ?" आणि पुढच्या खेपेला पुन्हा घेऊन आले.

मला त्या वेळी त्यांचं हसू यायचं, आता माझाच संताप येतो. कारण आम्ही सगळे तेच करत होतो. ऑफिसात एकानं नवी कॅसेट आणली की पाच जण कोरी कॅसेट घेऊन त्याच्या दारात उभे. यात काही चुकतंय असं कुणाला वाटायचं नाही. गाणं घेतलं तरी त्याच्याकडचं गाणं कुठं कमी होतंय, असं मीच एकदा जेवताना साडूंना ऐकवलं होतं. ते घास खाली ठेवून म्हणाले, "पावनं, शेजारणीच्या चुलीतनं इस्तू नेला तर तिची चूल इझत न्हाई, कबूल. पर इस्तू कुणाकडनं आणला म्हणून घरात इचारलं, तर नाव सांगशीला का न्हाई?" मी आमटी मागितली.

ठकूबाई मात्र त्यांना मी शोधून दिली. पाटणच्या पुढं कालव्याच्या मोजणीला गेलो होतो. एका वस्तीवर पाणी मागितलं, तर एक म्हातारी भात पाखडत गात होती. पाखडायचं थांबली नाही, गायचं थांबली नाही, नुसत्या मानेनं घागर दाखवली. मी पाणी न पिताच उभा राहिलो. तिचं सासर वाघझिरं नावाचं गाव, कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. ती लग्न होऊन आली त्याच्या चौथ्या वर्षी गाव उठलं. गाणं त्या गावाचं होतं, तिनंच रचलेलं. पहिल्या कडव्यात गणपती, मग गावची विहीर, मग पिंपळाचा पार, मग सामान बांधून निघालेल्या बायका मागं वळून वळून बघतात ते, आणि शेवटी पाचवं कडवं:

पाण्याखाली गेलं बाई, वाघझिरं गाव,
ठकू त्या गावाची, शेवटाला घेते नाव.

मी पाटबंधारे खात्यातला माणूस. आमच्या नकाशावर तिथं निळा रंग आहे. ते गाव आता कुठल्या कागदावर नाही, कुठल्या पाटीवर नाही, त्याच्या नावाची एष्टी सुटत नाही. ते फक्त त्या पाचव्या कडव्यात होतं.

साडूंनी तिला सांगलीला आणलं. तिनं पोत्यांची खोली बघितली, हुंगली, आणि म्हणाली, "आवं आण्णा, ही काय लग्नाची खोली हाय व्हय?" मग गायला बसली. तिसरं कडवं चालू असताना पलीकडं अक्काच्या कुकरची शिट्टी झाली. खणखणीत. साडू उठले, घरात गेले आणि कुकरला बोलले. अक्काला नाही, कुकरला. ठकूबाई थांबली नव्हती. तिनं शिट्टीसकट गाणं पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुली बंद ठेवून पुन्हा रेकॉर्डिंग झालं आणि तीच कॅसेट बाजारात आली. पण पहिल्या खेपेसारखा गळा काही दुसऱ्या खेपेला लागला नाही. ती शिट्टीवाली एकुलती एक नमुना कॅसेट साडूंनी माझ्या हातात ठेवली. "बाई तुमी हुडकली. खरं गाणं ह्यात हाय. कुनाला देऊ नका, पावनं. जगात एवढी एकच हाय." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते फारसं गंभीर वाटलं नाही.

मी ती दिली. दुसरं काय करणार? आमचे साहेब म्हणाले, "फारच नाव काढताय त्या म्हातारीचं, ऐकू तर द्या." साहेबांचा पुतण्या कऱ्हाडला इंजिनिअरिंग कॉलेजात, कॅसेट पुढं त्याच्याकडे गेली. महिन्याभरानं कॅसेट परत आली. मी नाकाला लावली. हळदीचा वास नाही, उदबत्तीचा. म्हणजे मूळ ठेवून घेऊन मला नक्कल परत केली होती. साहेबांना काय बोलणार, आणि साडूंना तर मुळीच नाही. नक्कल कपाटात टाकली आणि विसरायचा प्रयत्न केला.

शतक संपायला वर्षभर राहिलं होतं, तेव्हा सांगलीत इंटरनेटची दुकानं निघाली. एके दिवशी साडूंचा फोन आला, "पावनं, ठकूबाईचं गाणं म्हणं आता कॅसेटीशिवाय मिळतंय. तुमी शिकल्याली माणसं, या आणि मला चोर दाखवा." मी गेलो. दुकान म्हणजे प्लायवूडची कप्पेवाली खोली, प्रत्येक कप्प्यात एक कॉम्प्युटर. मालक तिशीचा, भला माणूस. त्यानं खुर्ची पुसून दिली. साडू बसले नाहीत. ते वाकले आणि कॉम्प्युटर हुंगू लागले. आधी पडदा, मग मागची बाजू, मग टेबलाखालचा डबा. मालक घाबरून म्हणाला, "काका, काय जळतंय का?" साडू उठून उभे राहिले. मला म्हणाले, "ह्याला वासच न्हाई, पावनं." आयुष्यभराचं हत्यार एका क्षणात निकामी झालेल्या माणसाचा तो चेहरा होता.

मालकानं गाणं लावलं. पडद्यावर गाण्याचं नाव होतं इंग्रजीत, म्हातारीचं दुःखी गाणं अशा अर्थाचं. गणपती झाला, विहीर झाली. आणि तिसऱ्या कडव्यात, पिंपळाच्या पारावर, कुकरची शिट्टी झाली. अक्काच्या कुकरची. खणखणीत.

मी पायाकडे बघत होतो. साडू माझ्याकडे बघताहेत हे मान वर न करताच मला कळत होतं. आता मराठी सुरू होईल, मग कानडी, असं म्हणून मी खांदे आवळून उभा राहिलो. काही झालं नाही. चौथं कडवं आलं, बायका मागं वळून बघायला लागल्या, आणि मधेच, शब्दाच्या ऐन मध्यावर, गाणं तुटलं.

"पुढचं लावा," साडू म्हणाले.

"एवढंच हाय, काका. पहिल्यांदा ज्यानं उतरवून घेतलं, त्याची फोनची लाईन मधीच तुटली आसंल. आता त्याच्याकडनं सगळ्यांनी घेतलं, तवा सगळ्यांकडं एवढंच."

"पाचवं कडवं?"

"कुनाकडंच न्हाई."

"आणि गाणारी कोण म्हणून इचारलं कुनी, तर?"

"कुणीतरी म्हातारी म्हणायचं," मालक म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता.

साडू गप्प झाले. आधी मराठी नाही, कानडी नाही, थेट गप्प. दुकानातून बाहेर आलो, गणपतीच्या देवळापर्यंत चालत गेलो, तरी गप्प. मग रस्त्याच्या मधोमध थांबले आणि रिक्षावाले हॉर्न वाजवत असताना म्हणाले, "चोरायचं तर आख्खं चोरा की रं! आख्खं न्या, फुकट न्या, आमी मेलो तरी चालंल. पर बाईचं नाव आणि गाव तेवढं टाकून बाकीचं उचललं? आधी पाण्यात बुडवलं ते बुडवलं, आता ह्यात पण बुडवा!" हे ते जगाला बोलत होते. मला उद्देशून त्यात एक अक्षर नव्हतं. शिट्टीबद्दल त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढं कधीच विचारलं नाही. ज्या माणसानं उशिरा उगवला म्हणून चंद्राला सोडलं नाही, त्यानं मला सोडलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, याची आज लाज वाटते.

आठवड्याच्या आत हळदीची चार रिकामी पोती, एक टेप आणि मला घेऊन ते पाटणच्या एष्टीत बसले. ठकूबाईच्या घरात त्यांनी खिळे मागितले आणि पोती ठोकली. योजना सोपी होती. लाईन तुटायची ती शेवटी तुटते, म्हणून नाव पहिल्या कडव्यात घ्यायचं. ठकूबाईनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई आण्णा. गणपतीच्या आदी माझं नाव? कवा कुनी घेतलंय का असं?"

साडूंनी इंटरनेट समजावून सांगितलं, म्हणजे त्यांना जेवढं समजलं होतं तेवढं, ओरडून. म्हातारी ढिम्म. "चोरांनी चोरी केली म्हणून मी रीत सोडू व्हय? माझ्या तोंडानं माझं नाव शेवटालाच यील."

"मग ते कुनाला ऐकू जाणार न्हाई!"

"न्हाई तर न्हाई. दुसऱ्या कुनी माझं नाव आदी घेतलं तर त्येला माझी ना न्हाई. मी घ्यायची न्हाई."

साडू माझ्याकडे बघू लागले. माझा आवाज चांगला, शाळेत मी सूत्रसंचालन करायचो. मी घसा साफ केला. पण ते म्हणाले, "नको. तुमी नको." तेवढंच. आणि त्यांनी टेप स्वतःकडे ओढला. चार वेळा त्यांनी गाण्याआधी तिचं नाव गोड आवाजात सांगून बघितलं. चारही वेळा गोठ्यातली म्हैस बिथरली. तोवर ऊन डोंगराआड निघालं होतं. ठकूबाईच्या सुनेनं साडूंची भाकरी वाढून आणली. मी म्हटलं, "साडूभाऊ, दिवस मावळतोय, आधी जेवून घ्या." त्यांनी ताटाकडे बघितलं, ठकूबाईकडे बघितलं आणि टेप सुरू केला. पाचव्या वेळी त्यांनी गोड बोलायचा नाद सोडला होता. म्हातारीनं गणपतीपासून पाचव्या कडव्यापर्यंत सगळं म्हटलं, आणि तिचं नाव शेवटाला आलं तेव्हा सूर्य केव्हाच गेला होता. त्या दिवशी ते पहिल्यांदा उपाशी झोपले. परतीच्या वाटेवर अख्ख्या एष्टीत ते कुणावरही रागावले नाहीत.

ती कॅसेट फारशी खपली नाही. कॅसेटीच कुणी घेईना. शाहिरांनी तारखा मागायचं सोडलं, भजनी मंडळं म्हणायला लागली की रेकॉर्ड करून उपयोग काय, दुसऱ्या दिवशी फुकट वाटतात. दोन वर्षांत पोती उतरली. ठकूबाई गेली, नंतर चार वर्षांनी साडूही गेले. गोदामामागच्या खोलीत आता पुन्हा हळद आहे.

परवा माझ्या सुनेनं तिच्या फोनवर एक गाणं लावलं. कुणीतरी कुणालातरी पाठवलेलं, तिथून तिच्याकडे आलेलं. आधी खरखर. आणि मग आमच्या स्वयंपाकघरात, भांडी हलतील असा, साडूंचा आवाज घुमला: "थांबा! आदी ऐका! हे गाणं ठकूबाईचं हाय. वाघझिरं गावच्या. गाव पाण्याखाली गेलंय. नाव टाकून गाणं नेऊ नका!" मग मागं म्हशीचं हंबरणं, आणि गणपती. चौथ्या कडव्यात ते पुन्हा तुटलं; कुणी तोडलं ते आता कोण सांगणार? पण पडद्यावर लिहिलं होतं, ठकूबाई, वाघझिरं. सुनेनं दाखवलं, खाली पुष्कळ लोकांनी काय काय लिहिलंय. एकानं विचारलंय, सुरुवातीला हे रागावलेले आजोबा कोण? त्याला कुणी उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्याचं नाव घ्यायच्या नादात साडू स्वतःचं घ्यायला विसरले होते. आणि तिथं उत्तर देऊ शकेल असं माझ्याशिवाय आता फारसं कुणी उरलेलं नाही.

साडूभाऊ, ती शिट्टी माझ्याकडून गेली. तुम्हाला माहीत होतं, तरी एकदा मी तोंडानं सांगायला हवं होतं आणि तुम्ही मला मराठीत आणि कानडीत बोलायला हवं होतं. ते राहिलं. इतकी पानं मी तुमचं नाव घेतलं नाही, कारण ते शेवटालाच यावं ही रीत तुमची. रागावलेले ते आजोबा म्हणजे नेमगोंडा आदगोंडा मगदूम. गाव सांगली.